सोळा मिनिटांचा हिशेब

परके शहर पाहण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे तेथे राहणारा एखादा मित्र गाठणे. माहितीपुस्तक घेऊन हिंडणारा माणूस इमारती पाहतो. मित्राबरोबर हिंडणारा माणूस शहर पाहतो. आणि तो मित्र विज्ञानाचा शिक्षक असेल, तर मात्र सावध राहावे! तो तुम्हांला दिवसभरात एखाद्या प्रश्नात अडकविल्याशिवाय राहत नाही. माझ्यावर हा प्रसंग जयपूरला आला. तो दिवस नोव्हेंबरच्या ४ तारखेचा होता. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

हे मित्र मला शिक्षकांच्या एका शिबिरात भेटले होते. जयपूरच्या जुन्या वस्तीत त्यांचे घर आहे. पहाटेच त्यांनी मला गच्चीवर नेले. हवेत गारवा होता. पूर्वेला गलताच्या डोंगराची काळी कड दिसत होती. सूर्याची कोर त्या कडेवर आली तेव्हा मित्रांनी घड्याळ पाहिले आणि खिशातल्या वहीत टिपले : ६ वाजून ५० मिनिटे. "हे कशाला?" मी विचारले. "संध्याकाळी लागेल," एवढेच उत्तर मिळाले.

चहा घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. जयपूर हे शहर हळूहळू वाढत गेलेले नाही. ते आधी कागदावर आखले आणि मग जमिनीवर उभे केले. सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांनी १७२७ साली त्याचा पाया घातला. आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताचा मोठा वाटा होता. सूरजपोल या पूर्वेकडील दरवाजापासून चांदपोल या पश्चिमेकडील दरवाजापर्यंत सरळ राजरस्ता जातो. त्याला काटकोनात छेदणारे रस्ते, छेदतात तेथे चौक, आणि अशा रीतीने पडलेले नऊ चौकोन. मुख्य रस्ता १११ फूट रुंद ठेवला होता. बैलगाड्यांच्या काळात ही रुंदी कोणाला उधळपट्टी वाटली असेल. आज तेथे मोटारी, सायकल-रिक्षा आणि हातगाड्या यांची दाटी पाहिली की त्या आखणाऱ्यांचे कौतुक वाटते. घरांचा गुलाबी रंग मात्र मूळचा नव्हे. १८७६ साली इंग्लंडचे युवराज आले तेव्हा शहर या रंगाने रंगविले गेले. खरे म्हणजे हा गुलाबापेक्षा गेरूच्या जवळचा रंग आहे, आणि गेरूचा रंग म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा रंग.

दहाच्या सुमारास आम्ही जंतरमंतरात शिरलो.

जंतर म्हणजे यंत्र. जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची नाहीशी झाली. जयपूरची सर्वांत मोठी, आणि २०१० साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. आत पाऊल टाकताच वाटते की एखाद्या राक्षसाच्या मुलाने कंपासपेटी सांडून ठेवली आहे! कोठे त्रिकोण, कोठे वाटीसारखे खड्डे, कोठे गोल खांबांची कडी. येथे दुर्बीण नाही, भिंग नाही. दगड, चुना, संगमरवर आणि भूमिती एवढेच भांडवल आहे.

जयसिंहांनी आधी पितळेची यंत्रे करविली होती. ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतो, पृष्ठभाग कलतात. म्हणून आपण दगडाकडे वळलो, असे कारण त्यांच्या 'झीज-ए-मुहम्मदशाही' या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले आहे. उपकरणातील चुकांचा इतका स्वच्छ विचार त्या काळी करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

सर्वांत मोठे यंत्र म्हणजे सम्राट यंत्र. मध्ये सुमारे २७ मीटर उंचीची एक त्रिकोणी भिंत आहे. तिच्या तिरप्या कडेवरून पायऱ्या वर जातात. ही कड जमिनीशी सुमारे २७ अंशांचा कोन करते. २७ च का? कारण जयपूरचे अक्षांश २६ अंश ५५ कला आहेत. त्यामुळे ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते आणि रात्री नेमकी ध्रुवाच्या दिशेकडे रोखलेली राहते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वर्तुळाच्या चौथ्या भागाएवढ्या दोन संगमरवरी कमानी पसरलेल्या आहेत. त्यांची त्रिज्या सुमारे १५ मीटर आहे. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेकडील कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेकडील. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सावलीही तासाला १५ अंश सरकते. थोडा गुणाकार करा : १५ मीटर त्रिज्येच्या कमानीवर सावली मिनिटाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त धावते. सावली चालताना डोळ्यांना दिसते! कमानीवरची सर्वांत लहान खूण २ सेकंदांची आहे.

माझ्या मनगटावरचे घड्याळ मी प्रमाणवेळेशी काटेकोर जुळवून आणले होते. त्यात १० वाजून ४० मिनिटे झाली होती. दगडावर सावलीची कड साडेदहाच्या रेषेपाशी होती.

"दहा मिनिटे मागे," मी म्हणालो. पण लगेच मला माझी चूक कळली. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावरील आहे. जयपूरचे रेखांश ७५ अंश ४९ कला ३० विकला. फरक ६ अंश ४० कला ३० विकला. अंशाला ४ मिनिटे धरली, तर २६ मिनिटे ४२ सेकंद. म्हणजे जयपूरची स्वतःची वेळ आपल्या घड्याळाच्या जवळजवळ २७ मिनिटे मागे असली पाहिजे. दगडाने १० वाजून १३ मिनिटे दाखवायला हवी होती; तो तर साडेदहा दाखवीत होता.

"मित्रा, तुमचे यंत्र सोळा मिनिटे पुढे आहे. २ सेकंदांच्या गोष्टी कशाला सांगता?" मी हसून म्हणालो.

मित्र हसले नाहीत. ज्या यंत्राच्या सावलीत त्यांचे बालपण गेले, त्याला कोणी चुकीचे म्हटलेले त्यांना रुचले नसावे. ते म्हणाले, "भाईसाहेब, चूक दगडाची की तुमच्या गणिताची, हे दुपारच्या जेवणापर्यंत सांगा. तोवर माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्या. ही सावलीची कड नेमकी कोठे आहे, ते बोट ठेवून दाखवा."

मी वाकून पाहिले आणि गोंधळलो. दुरून धारदार वाटणारी कड जवळून पाहता कड नव्हतीच. गडद सावली हळूहळू फिकी होत उन्हात विरघळत होती. हा फिका पट्टा वीतभरापेक्षा थोडाच कमी होता.

याचे कारण तुम्ही ग्रहणाच्या धड्यात वाचले आहे. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. जेथून भिंतीच्या आड पूर्ण सूर्य झाकतो तेथे दाट छाया, जेथून तो अर्धवट झाकतो तेथे उपच्छाया. १५ मीटर अंतरावर ही उपच्छाया सुमारे १४ सेंटिमीटर रुंद होते. वेळेच्या भाषेत सांगायचे तर २ मिनिटांहून थोडी जास्त!

आता गंमत पाहा. यंत्र दुप्पट मोठे केले तर मिनिटाच्या रेषा दुप्पट लांब पडतील, पण उपच्छायाही दुप्पट रुंद होईल. याच आवारात एक लघुसम्राट यंत्र आहे. तेथे हा पट्टा दोन-तीन सेंटिमीटरच भरतो, पण मिनिटांत मोजला तर तेवढाच. सूर्याला आपल्या स्वतःच्या तबकडीएवढे अंतर सरकायला २ मिनिटे लागतात. भिंत कितीही उंच बांधली तरी हे बदलत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी केला? केवळ आकारानेच सूक्ष्मता येते असे समजणाऱ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. मीही थांबलो.

मित्रांनी खिशातून दोरा काढला. पहारेकऱ्याला विचारून, दगडाला हात न लावता, त्यांनी तो दोन्ही हातांत ताणून भिंतीच्या तिरप्या कडेला समांतर असा कमानीपासून दीड-दोन सेंटिमीटरवर धरला. दोरा दगडाच्या इतका जवळ असल्यामुळे त्याची सावली बारीक आणि स्पष्ट पडली. मग त्यांनी तो उन्हाकडून छायेकडे हळूहळू सरकविला. फिक्या पट्ट्यातून जाताना दोऱ्याची सावली पुसट होत गेली, आणि एका ठिकाणी नाहीशी झाली. सूर्याची शेवटची कोर भिंतीआड गेली ती जागा हीच. येथून अर्ध्या सूर्यबिंबाचे, म्हणजे सुमारे १ मिनिटाचे अंतर हिशेबात घेतले की सूर्याच्या मध्याची वेळ मिळते. आम्ही आळीपाळीने तीन वेळा वाचन घेतले. ती एकमेकांशी चार-पाच सेकंदांच्या आत जुळली. मोठ्या कमानीचा उपयोग असा आहे. दोऱ्याची जागा तुम्ही पाच मिलिमीटरपर्यंत ठरवू शकलात, तर मोठ्या यंत्रावर ते पाच सेकंदांहून कमी. लघुसम्राटावर तेच पाच मिलिमीटर म्हणजे जवळजवळ २५ सेकंद.

जुने ज्योतिषीही अशाच युक्तीने वाचन घेत. २७ मीटरच्या भिंतीला तीन पैशांच्या दोऱ्याची मदत लागते, हे पाहून मला फार बरे वाटले. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेविषयीही थोडी आशा वाटू लागली!

सम्राट यंत्राच्या भिंतीला लागून एक अंधारी जागा आहे. तिला षष्ठांश यंत्र म्हणतात. छतातील बारीक छिद्रातून माध्यान्ही सूर्याची प्रतिमा आतल्या वक्र पट्टीवर पडते. आम्हांला तेथे आत जाता आले नाही, पण तत्त्व सोपे आहे. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून छिद्रापासून पडदा जितका दूर, त्याच्या १०७ व्या भागाएवढे बिंब पडते. साडेआठ मीटरवर ते आठ सेंटिमीटरचे होईल. तुम्ही दारे-खिडक्या बंद केलेल्या वर्गात पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून हे करून पाहा. पाच मीटरवर किती मोठे बिंब पडेल ते आधी वहीत लिहा, मग मोजा. सूर्याकडे थेट मात्र कधीही पाहू नका.

या वेधशाळेशी महाराष्ट्राचाही धागा आहे. जयसिंहांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे पंडित मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. त्यांनी अरबी भाषा आत्मसात करून युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही उतरविला. ग्रीक ज्ञान, अरबी ग्रंथ, मराठी पंडित, संस्कृत भाषा आणि राजस्थानी राजा! विज्ञानाचा प्रवास हा असा वाकडातिकडा असतो. पुढे यंत्रांची पडझड झाली. १९०१–०२ साली गॅरेट या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, तेव्हा त्याला साहाय्य करणाऱ्यांत चंद्रधर शर्मा गुलेरी होते, म्हणजे 'उसने कहा था' या प्रसिद्ध हिंदी कथेचे लेखक.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या यंत्रांनी विज्ञानाला नवा नियम दिला नाही. न्यूटनचा 'प्रिन्सिपिआ' १६८७ सालीच प्रसिद्ध झाला होता, आणि युरोपातील वेधशाळांत दुर्बिणीने वेध घेतले जात होते. जयसिंहांनी पोर्तुगालला माणसे पाठवून तेथील ग्रंथ आणविले. फ्रेंच ज्योतिषी ला हिर याच्या कोष्टकांत चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने चुकते, हेही ताडून पाहिले. पण नवे गतिशास्त्र त्यांच्यापर्यंत पोचले नाही. नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्याची परंपरा येथे कळसाला पोचली आणि तेथेच थांबली. मित्रांना हे बोलणे आवडेल की नाही याची मला शंका होती, पण त्यांनी मान डोलावली.

हवामहालासमोर (बांधकाम १७९९) एका गाळ्यात आम्ही कांद्याची कचोरी खायला बसलो. वर ९५३ झरोक्यांची ती प्रसिद्ध भिंत दिसत होती. बारीक छिद्रांतून वारा घुसला की तो थंड होतो, असे एक वाटाड्या सांगत होता. हे अर्धवट खरे आहे. छिद्रातून गेल्यामुळे हवेचे तापमान म्हणण्यासारखे उतरत नाही. वारा अंगावरून वाहतो, घाम लवकर वाळतो, आणि बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता आपल्या त्वचेतून जाते. शिवाय जाळीमुळे सावली मिळते.

"सोळा मिनिटे?" मित्रांनी आठवण दिली.

मी ताटात कचोरी ठेवली, हा सूर्य. लिंबाची फोड ही पृथ्वी. फोडीतली बी सूर्यासमोर, म्हणजे माध्यान्ह. पृथ्वी स्वतःभोवती पूर्ण एक फेरी करते ती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत. पण तेवढ्यात ती कक्षेत पुढे सरकलेली असते. म्हणून बी पुन्हा सूर्यासमोर यायला आणखी थोडे वळावे लागते. हे जादा वळण सरासरी ४ मिनिटांचे, म्हणून दिवस २४ तासांचा. सरासरी! फोड फिरविता फिरविता माझा हात थांबला. जादा वळण रोज सारखे असेल कशावरून?

ते सारखे नसते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या आरंभी ती सूर्याला सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते, जुलैत सर्वांत संथ. हे एक कारण. दुसरे कारण याहून मोठे आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे सूर्याचा वार्षिक मार्ग आकाशातील विषुववृत्ताला तिरका आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्य या तिरक्या वाटेने चालतो. त्याच्या चालीचा काही भाग उत्तर-दक्षिण दिशेत खर्च होतो आणि पूर्वेकडे तो कमी सरकतो. जून आणि डिसेंबरमध्ये त्याची वाट विषुववृत्ताला समांतर असते, तेव्हा तो पूर्वेकडे जास्त सरकतो. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यास खरा सौर दिवस २४ तासांहून सुमारे २० सेकंद लहान, तर डिसेंबरअखेर सुमारे ३० सेकंद मोठा असतो.

वीस सेकंद म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ते साठत जातात. १ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य आणि घड्याळ यांचे जमलेले असते. तेथून पुढे दिवसाला सरासरी पंधरा-सोळा सेकंदांनी सूर्य पुढे पुढे जातो. ६३ दिवसांनी, नोव्हेंबरच्या आरंभी, तो १६ मिनिटे २४ सेकंद पुढे गेलेला असतो. वर्षातील सर्वांत जास्त. याला कालसमीकरण म्हणतात. २६ मिनिटे ४२ सेकंदांतून १६ मिनिटे २४ सेकंद वजा करा : १० मिनिटे १८ सेकंद. दगडाने सकाळी हेच सांगितले होते. हा धडा मी कैक वर्षे फळ्यावर शिकविला आहे, आलेख काढून दाखविला आहे. आणि तो समोर संगमरवरावर उभा राहिला तेव्हा मी त्याला चूक म्हणालो!

मित्रांनी दुसरी कचोरी मागविली. मला वाटते, ती माझ्या नावावर होती.

तुम्हीही आपल्या गावाची वेळ काढू शकता. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५० कला. म्हणजे मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहरात ही जुनी 'मुंबई वेळ' १९५५ सालापर्यंत चालू होती. नागपूर ७९ अंश ५ कलांवर आहे, तेथे फरक १४ मिनिटांच्याही आत आहे. एकाच राज्यात सूर्याची २५ मिनिटे इकडची तिकडे! पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा, त्याचा एक कोन आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवा (पुण्यास साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस), तिरपी कड उत्तरेकडे चढती करून उभा करा. छोटे सम्राट यंत्र तयार होते. कालसमीकरण शून्य असते अशा तारखा चार : सुमारे १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर.

दुपारी आम्ही निळ्या भांड्यांच्या एका कारखान्यात गेलो. येथली नवलाची गोष्ट अशी की या भांड्यांत कुंभाराची माती नसते. गारगोटीची पूड हा मुख्य घटक. त्यात काचेची पूड, थोडी मुलतानी माती, कतीरा डिंक आणि सोडा. मातीला जो लवचिकपणा असतो तो या पिठाला नाही. म्हणून बरीचशी भांडी चाकावर न ओढता साच्यात दाबून घेतात. कारागीर नक्षी काढीत होता ती काळपट करड्या रंगाची. "निळा रंग कोठे आहे?" मी विचारले. तो म्हणाला, "भट्टीत." कोबाल्ट ऑक्साइड काळे असते, भट्टीत आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास काचेच्या लेपात ते मुरते तेव्हा गर्द निळे दिसते. तांब्याच्या ऑक्साइडने मोरपंखी रंग येतो. म्हणजे कारागीर जो रंग पाहत नाही, त्या रंगात चित्र काढतो. लयाला चाललेली ही कला विसाव्या शतकात पुन्हा उभी करण्यात कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली.

संध्याकाळी आम्ही नाहरगडावर चढलो. खाली नऊ चौकोनांचे शहर सकाळच्या नकाशासारखे पसरले होते. गडावर जागोजागी दगडी पन्हळी दिसतात. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी त्या टाक्यांत आणून सोडतात. जयपूरला वर्षाला सुमारे ६० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक तीन महिन्यांत. मित्रांनी ईशान्येकडे बोट दाखविले. तिकडे रामगड बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला आणि शहराने कित्येक दशके त्याचे पाणी प्याले. १९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा नौकानयनाच्या शर्यती याच जलाशयात झाल्या. मित्र तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी त्या होड्या पाहिल्या. पाणलोटात बांध घातले गेले, बांधकामे झाली, ओढे अडले, आणि २००० नंतरच्या दशकात ते एवढे मोठे पाणी आटले. मग शहरासाठी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बिसलपूर धरणातून नळ आणावा लागला. "वर्गात मी जलचक्राची आकृती काढतो," मित्र म्हणाले, "पण त्या होड्या कोठे काढायच्या ते मला कळत नाही."

आम्ही काही वेळ बोललो नाही. सूर्य सपाट क्षितिजावर टेकला आणि बुडाला. मित्रांनी वही उघडली : ५ वाजून ४३ मिनिटे. "आता सकाळचे काम," ते म्हणाले. माध्यान्ह १२ वाजून १० मिनिटांनी झाली. तेथून सूर्यास्तापर्यंत ५ तास ३३ मिनिटे. तेवढाच वेळ अलीकडे मोजला तर सूर्योदय ६ वाजून ३७ मिनिटांनी व्हायला हवा. गच्चीवरून तर आम्ही तो ६ वाजून ५० मिनिटांनी पाहिला होता.

"तेरा मिनिटे," मी म्हणालो. या वेळी मात्र चूक कोणाची ते विचारले नाही. गडाच्या उंचीमुळे सूर्य एखादे मिनिट उशिरा मावळलेला दिसला, ते आधी बाजूला काढले. उरलेली सुमारे बारा मिनिटे गलताच्या डोंगराची होती. खाली उतरताना वाटेत आम्ही सूर्य त्या वेळात किती वर चढत असेल याचा आणि डोंगर घरापासून किती दूर आहे याचा अंदाज घेतला, आणि डोंगराची उंची काढायला बसलो ती रात्री जेवणाच्या पाटावर.